घरचं मैदान आणि पांढरा झेंडा

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. पण कबुली देणारा माणूस कधी थेट मुद्द्यावर येत नाही, आधी गावभर फिरून येतो. मीही तसाच येणार आहे, तेव्हा जरा दमानं घ्या.

२०११ च्या उन्हाळ्यात आम्ही डब्लिनला आलो आणि सँडीफोर्डमध्ये बिऱ्हाड थाटलं. सँडीफोर्ड हे शहराच्या दक्षिणेचं उपनगर. एका अंगाला काचेच्या ऑफिसांची वसाहत, दुसऱ्या अंगाला डब्लिनचे डोंगर, आणि शहरात जायला लुआस, म्हणजे इथली ट्राम. (लुआस या आयरिश शब्दाचा अर्थ 'वेग'. पावसात स्टॉपवर वाट बघत उभं राहिलं की या नावातला विनोद कळतो.) सप्टेंबरातल्या एका रविवारी शहरात जायला निघालो, तर अख्खा फलाट निळ्या जर्सींनी भरलेला. आकाशी निळा रंग! एप्रिलमध्येच वानखेडेवर धोनीनं षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला होता, त्याची धुंदी अजून उतरली नव्हती. लांबून क्षणभर वाटलं, एवढी आपली माणसं या गावात कुठून आली? जवळ गेलो तर सगळे लालबुंद गोरे चेहरे. ही डब्लिनच्या गेलिक फुटबॉल संघाची जर्सी होती, आणि मंडळी ऑल आयर्लंड फायनलला क्रोक पार्कवर निघाली होती. त्या दिवशी डब्लिननं केरीला एका गुणानं हरवलं. जिंकून देणारी फ्री किक अगदी शेवटी त्यांच्या गोलकीपरनं, स्टीफन क्लक्स्टननं मारली. डब्लिनला हा चषक १९९५ नंतर पहिल्यांदाच मिळत होता. रात्री परतीच्या ट्राममध्ये जो गोंधळ होता तो मला थेट गंगावेशीत घेऊन गेला.

आता गेलिक फुटबॉल म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. पंधरा-पंधरा खेळाडू, चेंडू हातानंही खेळायचा आणि पायानंही. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून, दोन खांबांमधून गेला तर साधारणपणे एक गुण. प्रत्येक खांबाशेजारी एक अंपायर उभा असतो. गोल झाला की हिरवा झेंडा हलवायचा, एक गुण झाला की पांढरा. हा पांढरा झेंडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्रोक पार्क हे या खेळाचं पंढरपूर. ८२ हजारांवर माणसं मावतात. कागदोपत्री ते कुणाचंच घरचं मैदान नाही, संघटनेचं मुख्यालय आहे. पण ते आहे डब्लिन शहराच्या पोटात. हिल सिक्स्टीन नावाच्या उभ्यानं बघायच्या उतारावर डब्लिनचे निळे पाठीराखे खच्चून भरलेले असतात. केरीचा माणूस चार तास गाडी हाकून येणार, आणि डब्लिनचा खेळाडू घरी जेवून. याला तटस्थ मैदान म्हणायचं का, यावर इथे वर्षानुवर्षं वाद चालतो. २०१८ मध्ये तर किल्डेअर परगण्याच्या संघानं बंडच केलं. मेयोविरुद्धचा सामना नियमानं त्यांच्या न्यूब्रिजच्या मैदानावर व्हायला हवा होता. तिथे तेव्हा जेमतेम आठ हजार माणसं मावायची म्हणून संघटनेनं तो क्रोक पार्कला हलवला. किल्डेअरनं सांगितलं, 'न्यूब्रिज ऑर नोव्हेअर', खेळलो तर न्यूब्रिजला, नाहीतर नाही. संघटनेला नमतं घ्यावं लागलं. ३० जून २०१८ ला सामना न्यूब्रिजलाच झाला आणि किल्डेअर दोन गुणांनी जिंकलं. आठ हजार 'आपल्या' माणसांसाठी एवढा हट्ट!

मला त्या हट्टाचं नवल वाटलं नाही, कारण मी कोल्हापूरचा. बाकी महाराष्ट्र क्रिकेटवर पोसला गेला, तरी आमच्या गावाला फुटबॉलचं वेड. आमचे संघ तालमींचे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. आणि सगळ्यांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. म्हणजे घरचं मैदान आणि परकं मैदान हा भेदच नाही. तरीही प्रत्येक सामन्याला घर असतंच. ज्या पेठेची पोरं जास्त संख्येनं आली, ज्यांचा आवाज मोठा, त्यांचं ते घर. तेव्हापासून मनात एक पक्कं बसलं की घर म्हणजे जागा नव्हे, आवाज.

माझे नानाकाका शाळेत पीटीचे मास्तर होते आणि गावातल्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना रस्त्यात गाठून लोक चहा पाजायला बघायचे. ते कुणाचाही चहा प्यायचे नाहीत. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, "काका, एवढी माणसं ओरडतात, तुम्हाला भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "भीती नाही रे. पण कान हा फार चोंबडा अवयव आहे. डोळ्याचं काम तो मधेच उचलतो." तेव्हा हे बोलणं डोक्यावरून गेलं होतं.

मग २०२० साल आलं. इथे आधी घरापासून दोन किलोमीटर आणि मग पाच किलोमीटरच्या आत राहायचा नियम झाला. खेळ बंद. पुन्हा सुरू झाले ते रिकाम्या स्टेडियममध्ये. १६ मे २०२० ला जर्मनीची बुंदेसलिगा सुरू झाली, ती आम्ही टीव्हीवर बघितली. खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या, चेंडूला बूट लागल्याचा थप्प आवाज येत होता. अगदी शाळेच्या मैदानावरचा सराव बघतोय असं वाटायचं. इंग्लंडच्या लीगच्या प्रक्षेपणात तर व्हिडिओ गेममधला रेकॉर्ड केलेला गोंगाट मागे लावायला लागले.

करमणूक म्हणून ते सगळं केविलवाणं होतं, पण इंजिनिअर माणसाला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. घरच्या संघाला फायदा होतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण तो नेमका कशाचा? ओळखीच्या मैदानाचा? प्रवासाचा शीण नसल्याचा? स्वतःच्या अंथरुणात झोपल्याचा? की प्रेक्षकांचा? एरवी या गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. २०२० मध्ये मैदान तेच, प्रवास जवळपास तोच, फक्त प्रेक्षक काढून घेतले. प्रयोगशाळेत करायचा प्रयोग कुणीतरी अख्ख्या युरोपावर करून दाखवला.

निकाल काय लागला? बुंदेसलिगात यजमान संघ जिंकण्याचं प्रमाण आधी ४३ टक्क्यांच्या आसपास होतं, ते रिकाम्या मैदानांत ३३ च्या आसपास आलं. इंग्लंडच्या २०२०-२१ च्या हंगामातले बहुतेक सगळे सामने प्रेक्षकांविना झाले. त्यातल्या ३८० सामन्यांपैकी १४४ यजमानांनी जिंकले आणि १५३ पाहुण्यांनी. तिथल्या अव्वल लीगच्या शंभरावर वर्षांच्या इतिहासात पाहुणे पहिल्यांदाच पुढे गेले. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा आयरिश सहकारी लिव्हरपूलचा कट्टर भक्त. लिव्हरपूलचा संघ अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने हरला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीनं त्यांना तिथे हरवलं, आणि मग जे धरण फुटलं ते घरी सलग सहा पराभवांपर्यंत वाहत गेलं. खेळाडूंच्या दुखापती होत्या हे खरं, पण माझा सहकारी व्हिडिओ कॉलवर एवढंच म्हणायचा, "आम्ही तिथे नव्हतो ना!" जणू त्याच्यावाचूनच अडलं होतं. मी हसायचो, पण आकडे त्याच्या बाजूचे होते.

अर्थात सगळंच प्रेक्षकांवर अवलंबून असतं असंही नाही. १९ डिसेंबर २०२० ला क्रोक पार्कवर ८२ हजार जागा रिकाम्या असताना डब्लिन आणि मेयो फायनल खेळले. डीन रॉकनं तेराव्या सेकंदाला गोल मारला आणि डब्लिन ओळीनं सहाव्यांदा विजेता झाला. हिल सिक्स्टीनवर चिटपाखरू नव्हतं. चांगला संघ शांततेतही चांगलाच असतो. उलट बाजूनं आपल्याकडचं बघा. भारतानं २०१३ पासून घरच्या मैदानांवर सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये न्यूझीलंडनं येऊन तीन-शून्य अशी धुलाई केली, आणि त्यातले शेवटचे दोन सामने आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला आणि वानखेडेवर. पुण्यात सँटनरनं १३ बळी घेतले. वानखेडेवर ११ बळी घेणारा एजाज पटेल तर जन्मानं मुंबईकर, लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. प्रेक्षक आपले, खेळपट्टी आपली, आणि विकेट काढणाराही एका अर्थानं आपलाच! टाळ्या वाजवून चेंडू वळायचा थांबत नाही.

मग प्रेक्षकांचा आवाज नेमका पोचतो कुठे? आपल्याला वाटतं, खेळाडूंच्या पायांत. 'बारावा खेळाडू' वगैरे आपण म्हणतोच. थोडं तसं असेलही. पण अभ्यासकांनी शोधलं तेव्हा आवाजाचा माग भलत्याच माणसापाशी जाऊन थांबला: पंचापाशी.

२००२ मध्ये इंग्लंडातल्या संशोधकांनी ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातल्या ४७ झटापटी टीव्हीवर दाखवल्या. फाउल आहे की नाही, एवढंच सांगायचं. काहींना आवाजासकट दाखवल्या, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. चित्र तेच, नियम तेच, पंच खुर्चीत बसलेले, त्यांना कुणी दगड मारणार नव्हतं. तरीही! स्पेनमधल्या सामन्यांच्या अभ्यासात दिसलं की यजमान एका गोलनं मागे असतील तर पंच शेवटी जास्त वेळ वाढवून देतात, आणि पुढे असतील तर लवकर शिट्टी वाजवतात. आणि इटलीत २००७ मध्ये कातानियाच्या दंगलीत एक पोलीस मारला गेला, तेव्हा सरकारनं सुरक्षेच्या अटी न पाळणाऱ्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांना बंदी केली. त्या रिकाम्या सामन्यांचा दोन स्वीडिश अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. खेळाडूंच्या खेळात म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक पडला तो पंचांच्या वागण्यात. पाहुण्यांना एरवी जास्त मिळणारी शिक्षा कमी झाली.

यात लाचलुचपत नाही बरं का. उलट गंमत ही आहे की पंच प्रामाणिक असतो. पण झटापट अर्ध्या सेकंदात होऊन जाते, डोळ्याला नीट दिसत नाही, आणि निर्णय तर द्यायचाच असतो. अशा वेळी मेंदू मिळेल तो पुरावा घेतो. हजारो माणसं एकदम 'हो' म्हणून ओरडली, तर मेंदूला तोही पुरावाच वाटतो. नानाकाकांचा चोंबडा कान तो हाच.

क्रिकेटवाल्यांना हे अनुभवानं आधीच उमगलं होतं. 'घरचे पंच' म्हटलं की पाहुणे संघ कपाळाला हात लावायचे. १९८६ मध्ये इम्रान खानच्या आग्रहानं लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीला दोन भारतीय पंच उभे राहिले, व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानात, पाकिस्तानच्या सामन्याला, भारतीय पंच! एकदा कल्पना करून बघा. पुढे २००२ पासून कसोटीला दोन्ही पंच तटस्थ देशांचे असा नियमच झाला.

आयर्लंडमध्ये याला एक सुंदर अपवादही आहे. लिमरिकचं थोमंड पार्क हे मन्स्टरच्या रग्बी संघाचं घर. १९९५ पासून जानेवारी २००७ पर्यंत युरोपच्या चषकात मन्स्टरला तिथे कुणी हरवू शकलं नव्हतं. गोंगाट प्रचंड. पण कुणीही किक मारायला उभा राहिला, आपला असो वा पाहुणा, की सगळं मैदान चिडीचूप होतं. वानखेडेवर वाढलेल्या माणसाला हे आधी खरंच वाटत नाही. पाहुण्याला शांतता द्यायची म्हणजे काय? जाणकार सांगतात की ती शांतताच जास्त भयंकर असते. असेल. पण मला त्यात पाहुणचारही दिसतो.

आता पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर मालाहाइडची गोष्ट सांगतो.

डब्लिनच्या उत्तरेला मालाहाइड किल्ल्याच्या आवारात क्रिकेटचं मैदान आहे. चहूकडे झाडी, तात्पुरते लोखंडी स्टँड, एखाद्या जत्रेसारखा थाट. २८ जून २०२२, मंगळवार. भारत-आयर्लंड टी-ट्वेंटी. मी अर्धा दिवस रजा टाकली, तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या लेकीला शाळेतून उचललं आणि ट्राम, मग डार्ट गाडी असं करत पोचलो. गाडीत मराठी, तेलुगू, पंजाबी, मल्याळम सगळं कानावर पडत होतं. मैदानात शिरलो तर निळाच निळा समुद्र, त्यात कुठे कुठे हिरवे ठिपके. ढोल होता, तिरंगे होते, शिट्ट्या होत्या. भारतानं २२५ केल्या. दीपक हूडाचं शतक झालं तेव्हा स्टँड हलला. मग आयर्लंडचा स्टर्लिंग सुटला, १८ चेंडूंत ४०. कर्णधार बालबर्नी, अस्सल डब्लिनकर, त्यानं ६० मारल्या. आणि त्याच्या गावात, त्याच्या मैदानावर, त्याच्या षटकाराला टाळ्या किती? अंगणात वाळवण घातलंय आणि दोन-चार थेंब पडावेत, तेवढ्या. शेवटच्या षटकात आयर्लंडला १७ हव्या होत्या, चेंडू उमरान मलिकच्या हातात. सगळं मैदान 'इंडिया इंडिया' करत होतं. मीही घसा फोडत होतो. आणि शेजारून एक बारीक आवाज आला, "कमॉन आयर्लंड!"

माझी लेक. अंगात निळी जर्सी, पण भारताची नव्हे, डब्लिनची. शाळेतल्या मैत्रिणीसारखी तिनं हट्टानं घेतलेली. आजूबाजूच्या काकालोकांनी वळून बघितलं, एकजण हसून म्हणाला, "अरे, ही तर फुटली!" मी तिला दबक्या आवाजात म्हटलं, "अगं, आपण कुणाचे?" ती म्हणाली, "बाबा, त्यांचं घर आहे ना हे? मग त्यांच्यासाठी कुणीच कसं ओरडत नाही?"

आयर्लंडला त्या षटकात १२ करता आल्या. भारत चार धावांनी जिंकला. आम्ही नाचलो. पण परतीच्या गाडीत तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता. शाहू स्टेडियमवर शिकलेला धडा, की आवाज ज्याचा त्याचं घर, तो मालाहाइडला जसाच्या तसा लागू पडत होता. फक्त इथे घर कुणाचं तरी हिरावलं गेलं होतं, आणि हिरावणाऱ्यांत मी होतो.

असो. आता कबुली.

लेक आता आमच्या भागातल्या क्लबकडून गेलिक फुटबॉल खेळते, चौदा वर्षांखालच्या मुलींत. इथला सगळा खेळ हौशी, क्लब चालतात ते आईबापांच्या श्रमांवर. कुणी सँडविच करतं, कुणी जाळी लावतं, आणि मुलांच्या सामन्यांना अंपायर म्हणूनही पालकच उभे करतात. गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी प्रशिक्षकानं माझ्या हातात पांढरा झेंडा दिला. मी आनंदानं खांबाशेजारी उभा राहिलो. पलीकडच्या खांबाशी पाहुण्या क्लबची एक आई.

सामना अटीतटीचा झाला. शेवटचं मिनिट, दोघींचे गुण सारखे. आमच्या एका मुलीनं लांबून उंच किक मारली. चेंडू वाऱ्यावर तरंगत आला तो बरोबर माझ्या खांबाच्या वरून, खांबाच्या टोकापेक्षाही उंच. अशा वेळी खांब आकाशापर्यंत वाढलाय असं समजून चेंडू आत की बाहेर ते ठरवायचं असतं. मी मान वर केली. ढग, चेंडू, खांबाचं टोक. आणि त्याच क्षणी बाजूच्या रेषेवरचे आमचे चाळीस-पन्नास पालक ओरडले. आनंदाची आरोळी, हात वर, मुलींच्या उड्या. माझा हात झेंड्याकडे गेला आणि झेंडा वर झाला. पलीकडच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले. चेंडू माझ्या बाजूचा होता. रेफ्री लांब होता, त्यानं झेंडा बघून गुण दिला. आम्ही एका गुणानं जिंकलो. पाहुण्यांची गोलकीपर, माझ्या लेकीएवढीच मुलगी, दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली. बोलली काहीच नाही. चेंडू आणायला गेली.

गाडीत लेक बराच वेळ गप्प होती. ती किक मारणाऱ्या मुलीच्या अगदी मागे, सरळ रेषेत उभी होती. लेपर्ड्सटाउनच्या सिग्नलला म्हणाली, "बाबा, तो वाइड होता ना?"

मी म्हणालो, "मला आत दिसला."

हे खोटं होतं, मंडळी. पण तो बाहेर दिसला होता असंही नव्हे. खरं म्हणजे मला काहीच दिसलं नव्हतं. मला तो आत गेल्याचं ऐकू आलं होतं. क्रम असा होता: आधी आरोळी, मग माझा हात. साडेपंधरा टक्क्यांचा अभ्यास मला पाठ होता, मित्रांना चहावर तो रंगवून सांगत होतो, आणि चाळीस पालकांनी मला चाळीस सेकंदांतही नव्हे, अर्ध्या सेकंदात गुंडाळलं. क्रोक पार्कवर २०१३ पासून असल्या चेंडूंसाठी हॉक-आय कॅमेरे आहेत. आमच्या मैदानावर हॉक-आय म्हणजे मी.

रविवारी नानाकाकांना फोन लावला. पंच्याऐंशीचे आहेत, आता कानाला कमीच ऐकू येतं, त्यामुळे मला कबुलीसुद्धा ओरडून द्यावी लागली. ऐकून घेतलं आणि खळखळून हसले. म्हणाले, "लेका, मी तर एकदा अख्खी पेनल्टी दिली होती तशी. रात्रभर झोप नाही. सकाळी कळलं, आपण धक्का बघितलाच नव्हता, नुसता गलका ऐकला होता."

"मग काय केलंत?"

"काय करणार? गेलेली शिट्टी परत तोंडात येत नाही. पण तेव्हापासून एक सवय लावली. गलका झाला की लगेच हात उचलायचा नाही. मनात तीन आकडे मोजायचे. तेवढ्यात गलका पुढे निघून जातो आणि डोळ्यांना काय दिसलं होतं ते उरतं. आणि काहीच उरलं नाही, तर तसं सांगायचं. पंचाला दिसलं नाही हे कबूल करायला लाज कसली? न दिसलेलं दिसलं म्हणायची लाज." जरा थांबून म्हणाले, "आवाज ऐकू येतो यात आपली चूक नाही बाळा. माणसं आहेत, ओरडणारच. घरची तर ओरडणारच."

लेकीला खरं सांगायला मला आठवडा लागला. म्हटलं, "त्या दिवशी मला दिसलंच नव्हतं. सगळे ओरडले म्हणून मी झेंडा उचलला." ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "माहितीय. मी तिथेच होते ना." मग थोड्या वेळानं, "सगळेच ओरडत होते, बाबा. मीपण."

इथल्या मुलांच्या फुटबॉलमध्ये काही वेळा 'सायलेंट साइडलाइन' पाळतात. त्या दिवशी पालकांनी रेषेवर तोंड उघडायचं नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आयरिश खूळ वाटलं होतं. आता वाटत नाही. पण रोज तसं करावं असंही वाटत नाही. २०२० मध्ये रिकामी मैदानं बघून झाली आहेत. आरोळीशिवाय सामना म्हणजे फोडणीशिवाय आमटी. ओरडावं, खुशाल ओरडावं. फक्त पांढरा झेंडा हातात असेल तेव्हा त्या आरोळीत आपला हात नसावा, आणि पाहुण्यांच्या बाजूला कुणीच नसेल तर त्यांच्याही एखाद्या चांगल्या किकला टाळी द्यावी.

मी अजूनही अंपायर म्हणून उभा राहतो. चेंडू वरून गेला की खांबाच्या टोकाकडे बघत मनात मोजतो: एक, दोन, तीन. कोल्हापुरी मराठीत मोजतो, त्यानं बरं वाटतं. तोवर बाजूची मंडळी ओरडून दमलेली असतात आणि रेफ्री हात कमरेवर ठेवून वाट बघत असतो. सँडीफोर्डमधला सगळ्यांत हळू झेंडा उचलणारा माणूस म्हणून माझी ख्याती झाली आहे. लेकीला त्याची भयंकर लाज वाटते, असं ती सांगते. पण परवा प्रशिक्षकानं "आज अंपायर कोण?" असं विचारलं, तेव्हा माझं नाव तिनंच सांगितलं.